घरकामाची वाटणी: आधी विसावा मोजा, मग कामं

घरकाम वाटून घ्यायचं म्हणून घरातली माणसं बसली की पहिल्या पाच मिनिटांत कामं मोजायला लागतात. "मी भाजी आणतो, बिलं भरतो, गाडी धुतो, कचरा खाली ठेवतो. चार कामं झाली. तू स्वयंपाक करतेस." या हिशेबात स्वयंपाक हे एक काम धरलेलं असतं. त्यात सकाळचा चहा, दोन डबे, दुपारची जेवणं, चारचा चहा, रात्रीचं जेवण आणि झोपायच्या आधी भिजत घातलेली मटकी असं सगळं येतं, हे कागदावर कुठेच दिसत नाही.

म्हणून इथे सांगितलेली पद्धत उलटीकडून सुरू होते. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला दिवसाकाठी सलग, बिनघोर बसायला किती वेळ मिळतो, ते आधी बघायचं. तो वेळ सगळ्यांचा साधारण सारखा होईपर्यंत कामं इकडची तिकडे करत राहायची. कुणी किती भांडी घासली, हा प्रश्न त्यानंतरचा.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराचं सर्वेक्षण केलं. त्यात सहा वर्षांवरच्या ८१.२ टक्के स्त्रिया घरातलं बिनपगारी काम करताना आढळल्या, पुरुषांत हे प्रमाण २६.१ टक्के निघालं. जे करतात त्यांच्यातही बायकांची रोजची सरासरी २९९ मिनिटं आणि पुरुषांची ९७. अपघातात गेलेल्या गृहिणीच्या कामाची किंमत कशी धरायची, या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मधल्या निकालात हेच आकडे घेतले होते. पण देशाची सरासरी आपल्या घरात भांडणाला उपयोगी पडते, वाटणीला नाही. त्यासाठी आपल्याच घरचा आकडा लागतो.

पहिली पायरी: आठवडाभर नुसती नोंद

फ्रिजवर एक मोठा कागद लावा, शेजारी दोऱ्याने पेन बांधा. आठवडाभर जो जे काम करेल ते त्याने लिहायचं: काम, किती वाजता, किती मिनिटं. या आठवड्यात वाटणी बदलायची नाही, टोमणे मारायचे नाहीत, नेहमीपेक्षा जास्त कामही करून दाखवायचं नाही. (कागद लागल्या लागल्या काही मंडळी अचानक पंखे पुसायला घेतात. दोन दिवसांत ओसरतं.)

बरीच कामं कागदावर येतच नाहीत, कारण करणाऱ्यालाही ती काम वाटत नाहीत. ती मुद्दाम आठवून लिहा: विरजण लावणं, पाण्याच्या वेळेला पिंप भरणं, शिळ्या पोळ्यांचं काय करायचं ते ठरवणं, सिलिंडर संपत आलाय हे ओळखून नंबर लावणं, बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या किती उरल्यात ते बघणं, इस्त्रीवाल्याचे कपडे मोजून घेणं, सोसायटीच्या ग्रुपवर "उद्या दहा ते एक पाणी नाही" वाचून घरात सगळ्यांना सांगणं, मावसभावाच्या मुलाच्या मुंजीला काय द्यायचं ते ठरवणं. कचराही 'टाकणं' एवढाच नसतो. ओला-सुका वेगळा करणं, डब्याला पिशवी लावणं आणि चार दिवसांनी डब्याला वास यायला लागला की तो धुणं. डबा धुणारा माणूस घरात बहुधा एकच असतो.

महिन्याची आणि वर्षाची कामं वेगळ्या कागदावर: माळा आवरणं, गाद्यांना ऊन देणं, वर्षाचं धान्य भरणं, गणपतीआधीची साफसफाई, दिवाळीचा फराळ.

दुसरी पायरी: प्रत्येक कामाचे तुकडे करून बघा

दळणाचंच घ्या. डब्यात पीठ दोन दिवसांचं उरलंय, हे कुणाच्या तरी लक्षात येतं. मग गहू काढायचे, चाळायचे, निवडायचे. डब्यावर नाव आहे ना ते बघायचं. गिरणीत द्यायचं, "ज्वारीवर नको, गव्हावरच दळा" असं बजावायचं. संध्याकाळी गिरणी बंद व्हायच्या आत आणायचं. पीठ गरम असतं, ते निवेपर्यंत डब्याचं झाकण लावायचं नाही. मग जुनं पीठ काढून नवं खाली, जुनं वर. शेवटी ओट्यावर सांडलेलं पुसायचं.

यातलं 'डबा गिरणीत नेऊन देणं' एवढंच जो करतो, तो "दळण माझ्याकडे आहे" असं म्हणतो. बाकीचं सगळं दुसऱ्याच्या डोक्यात चालू असतं आणि ती दुसरी व्यक्ती टीव्हीसमोर बसली तरी बसलेली नसते. म्हणून नियम असा ठेवा: काम घेतलं की लक्षात ठेवण्यापासून पुसण्यापर्यंत सगळं घेतलं. "मला सांग, मी करतो" हे वाक्य या घरातून बाद. सांगावं लागणं हेही एक काम आहे आणि ते आधीच कुणाच्या तरी माथी आहे.

तिसरी पायरी: मोजमाप

आता डोंबिवलीतलं एक घर डोळ्यांसमोर आणू. दोन खोल्या आणि हॉल, चार मोठी माणसं. सून फोर्टला नोकरीला: पावणेआठला घर सोडते, पावणेआठला परत येते. म्हणजे बारा तास तिथेच गेले. सकाळी साडेपाच ते साडेसात घरकाम, रात्री आठ ते दहा पुन्हा. झोप पावणेसात तास. चोवीसांतून उरला सव्वा तास, त्यातच आंघोळ आणि जेवण. मुलगा आयटीत, आठवड्यातले तीन दिवस घरून काम: साडेनऊ ते सात. घरकाम अर्धा तास, झोप साडेसात तास. त्याच्याकडे उरले साडेसहा तास. सासरे बँकेतून निवृत्त, तब्येत ठणठणीत, रोजची भाजी आणतात: पाऊण तास. सासूबाई चौसष्ट वर्षांच्या, गुडघे दुखतात, तरी दिवसभरात चारेक तास स्वयंपाकघरात.

सासूबाईंचे चार तास सुनेच्या मानाने कमी दिसतात. पण त्यांची कामं दिवसभर पसरलेली असतात: दहाला भांडीवाली, अकराला कुरिअर, दीडला जेवणं, तीनला इस्त्रीवाला, चारला चहा. सलग एक तास पाठ टेकायला मिळत नाही. म्हणून दोन गोष्टी मोजा. नोकरी, प्रवास आणि घरकाम मिळून प्रत्येकाचे एकूण तास, आणि प्रत्येकाचा दिवसातला सर्वांत मोठा सलग मोकळा तुकडा. मोबाइल हातात आहे पण कान दाराच्या बेलकडे, असा वेळ मोकळा धरायचा नाही.

मिनिटं सारखी असली तरी कामं सारखी नसतात, हेही ध्यानात घ्या. वेळेला बांधलेलं काम जड असतं. डबा सात वाजून वीस मिनिटांनी तयार पाहिजे म्हणजे पाहिजे, पंखा आज नाही तर रविवारी पुसला तरी चालतो. किळस येणारं काम जड: मोरीची जाळी, मांजराची वाळू, आजारी माणसाची चादर. अंगावर येणारं कामही तसंच. सिलिंडरमध्ये नुसता गॅसच १४.२ किलो, वर टाकीचं वजन. अशा कामांच्या मिनिटांना सरळ दीडपट धरा. आकड्यांवर वाद घालत बसू नका. दीड की पावणेदोन यावरून कुणाचा विसावा वाढत नाही.

चौथी पायरी: बसून बोलणं

भांडण पेटलेलं असताना, रात्री साडेदहाला आणि पाहुण्यांसमोर हा विषय काढायचा नाही. शनिवारी चारचा चहा झाला की पाऊण तास बसा. कागद मध्ये ठेवा आणि बोलणं कागदाबद्दल करा. "तू कधीच काही करत नाहीस" याऐवजी "मंगळवारी रात्री सवानऊ ते दहा ओट्याशी एकटंच माणूस आहे" असं बोललं की उत्तर शोधावं लागतं, सफाई द्यावी लागत नाही.

सासू-सासऱ्यांच्या घरात हा विषय सुनेने काढू नये, मुलाने काढावा. हे माझं ठाम मत आहे. सुनेने काढला की ती तक्रार होते, मुलाने काढला की घराची गोष्ट होते. बोलणंही साधं असावं:

"आई, सोम, बुध, शुक्र मी घरीच असतो. त्या दिवशी रात्रीचा स्वयंपाक माझा."

"तुला कुकर तरी लावता येतो का रे?"

"दोन आठवडे तू शेजारी खुर्ची टाकून बस. तोंडाने सांग, हात लावू नकोस."

"आणि बाहेर कुणी विचारलं म्हणजे?"

"सांग, मुलाच्या हातचं जेवतेय."

जनाबाईबरोबर पांडुरंग दळायला बसला, गोवऱ्या वेचायला गेला, याचं आपल्याला केवढं कौतुक. घरातला मुलगा पोळपाटाशी बसला की मात्र "बिचाऱ्यावर काय वेळ आली" होतं. आईच्या पिढीला हे बोचतं, कारण स्वयंपाकघर हीच त्यांच्या हुकमाची एकमेव जागा होती. ती काढून घेतल्यासारखं वाटू देऊ नका. फोडणी, लोणची, सणाचा बेत हे त्यांना हवं असेल तर त्यांच्याकडेच राहू द्या. गुडघ्यांवर येणारं तेवढं काढून घ्या.

पाचवी पायरी: वाटप

डोंबिवलीच्या त्या घराचं वाटप मी असं करीन. सासऱ्यांकडे दळण, किराणा, गॅस, दोघांची औषधं आणि दूध तापवण्यापासून विरजणापर्यंतचं सगळं. शिवाय दुपारी दोन ते चार दाराची बेल त्यांची, म्हणजे सासूबाईंना सलग दोन तास आडवं होता येईल. भाजी ते आणतातच, ती निवडूनही ठेवायची. गवार आणि मेथी टीव्हीसमोर बसून उत्तम निवडता येते. मुलाकडे घरून काम असलेल्या तिन्ही दिवसांचा रात्रीचा स्वयंपाक, रोजचं वॉशिंग मशीन (लावणं, वाळत घालणं आणि घड्याही) आणि मावशींशी सगळा व्यवहार. मंगळवार-गुरुवारी रात्री खिचडी किंवा भात-आमटी. कुकर सासरे लावतील, बाकी जो आधी घरी येईल तो करेल. सकाळच्या पोळ्या बाहेरून किंवा पोळ्यांच्या मावशींकडून, सकाळची भाजी सासूबाईंच्या हातची. सुनेकडे सकाळचे डबे भरणं, शनिवारी फ्रिज आवरणं आणि आठवड्याचा बेत ठरवणं. तिचे सकाळचे दोन तास पाऊण तासावर आले पाहिजेत आणि रात्रीचे दोन अर्ध्यावर. आले नाहीत तर वाटप चुकलं, पुन्हा कागद घ्या.

रोजचं आणि कौशल्याचं काम एकाच माणसाकडे कायम ठेवा, म्हणजे हात बसतो. नकोशी कामं, मोरी-संडास किंवा कचऱ्याचा डबा धुणं, आठवड्याच्या पाळीने फिरवा. ज्याला जे आवडतं ते त्याला द्या, पण आवडीच्या नावाखाली फसवणूक नको. महिन्यातून एका रविवारी मटण करणं हा छंद आहे. त्यात दोन कांद्यांसाठी चार सुऱ्या, मसाल्याचे सगळे डबे बाहेर आणि मागाहून दुसऱ्याने आवरायचं असेल, तर वाटणीत त्याचे गुण उणे धरावेत.

'झालं' म्हणजे काय, ते लिहून ठेवा

निम्मी भांडणं काम न केल्याची नसतात, अर्धवट केल्याची असतात. प्रत्येक मोठ्या कामापुढे एक-दोन ओळी लिहा. 'रात्रीचं आवरणं' म्हणजे: उरलेलं अन्न लहान भांड्यात काढून फ्रिजमध्ये, खरकटं ओल्या कचऱ्यात, बेसिनच्या जाळीतले भाताचे कण काढलेले, ओटा पुसलेला, शेगडीखालची सांडलेली आमटी पुसलेली, फडकं पिळून वाळत टाकलेलं, सिलिंडरचा नॉब बंद. यादी लांब वाटेल, पण हे रोज कुणीतरी करतच असतं.

उलट बाजूही बघा. ज्याने काम सोडलं, त्याने पद्धतही सोडायची. टॉवेल तीन घडीचा की चार घडीचा, कोथिंबीर देठासकट की नुसती पानं, यावर मागे उभं राहून सूचना दिल्या तर चार दिवसांत काम पुन्हा आपल्याकडे येतं. हातात पडण्याआधी जे तपासावंच लागतं ते फक्त आरोग्याचं आणि सुरक्षिततेचं: गॅस, औषधं, लहान मुलांचं खाणं.

नवशिक्यांनी कुकरपासून सुरुवात करावी. एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी. एक वाटी तुरीच्या डाळीला अडीच-तीन वाट्या पाणी, हळद, हिंग. तीन-चार शिट्ट्या, आणि वाफ आपोआप जिरेपर्यंत झाकणाला हात नाही. त्या वेळात कांदा-टोमॅटोची कोशिंबीर होते. दोन आठवड्यांत आमटी, चार आठवड्यांत बटाट्याची काचऱ्याची भाजी. पोळी सगळ्यात शेवटी, आणि नाहीच जमली तरी भाकड वाद नको. पोळ्या विकत मिळतात.

मावशी आल्या म्हणून वाटणी संपत नाही

धुणं-भांडी, केर-फरशीला मावशी असल्या तरी त्यांच्याशी बोलणं, पगार, सुट्ट्या, साबण संपणं, त्यांच्यासाठी दार उघडायला घरी असणं हे काम उरतंच. ते एकाच्या नावावर करा. डोंबिवलीच्या घरात ते मी मुलाला दिलं, कारण बहुतेक घरांत "बाई आली नाही" ही बातमी आपोआप बाईलाच सांगितली जाते.

मावशी आल्या नाहीत तर काय, हे आधीच ठरवा: जेवणारा आपापलं ताट घासेल, कुकर आणि कढया मुलाकडे, केर सासऱ्यांकडे, फरशी एक दिवस राहिली तरी चालेल. आपली सोय करताना त्यांच्या वाट्याचंही नीट बघा. महिन्याच्या भरपगारी सुट्ट्या किती, दिवाळीला काय, पाहुणे आले तर जादा भांड्यांचे किती, हे कामाला लागतानाच बोला. घरकामगारांसाठी राज्यात २००८ सालचा कल्याण मंडळाचा कायदा आहे. मावशींची नोंदणी झालेली नसेल तर कागदपत्रं जमवायला मदत करा.

सण, पाहुणे, आजारपण

नेहमीची घडी इथेच मोडते. गौरी-गणपतीला बाहेर पुरुष मंडळी मखराला रंग लावत असतात आणि आत बायका सोळा भाज्या चिरत असतात. मखर दोन दिवसांत होतं, स्वयंपाक पाच दिवस चालतो. सणाच्या पंधरा दिवस आधी वेगळा कागद घ्या आणि आधी काय गाळायचं ते ठरवा. चकल्या विकत, करंज्या घरी. किंवा दोन्ही विकत आणि नुसता चिवडा घरी. जे उरेल ते वाटा.

पाहुण्यांसाठी सोपा नियम: ज्याचे नातेवाईक, यजमान तो. बिछाने, चहा-पाणी, जेवणाचा बेत, स्टेशनवर सोडणं त्याने बघायचं, इतरांनी हात द्यायचा.

पाळीचे त्रासाचे दिवस, परीक्षा, वर्षअखेरचे हिशेब, ताप यांसाठी सूट मागावी लागू नये. "आज माझं कुणी घ्या" एवढं म्हटलं की पुरे, परतफेडीचा हिशेब ठेवायचा नाही. मात्र आजाऱ्याची शुश्रूषा हे पूर्ण काम आहे. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात आईला दाखवून आणणं म्हणजे अर्धा दिवस. तो ज्याने घालवला, त्याच्या रात्रीच्या कामातून तो वजा व्हायला हवा.

भाड्याच्या फ्लॅटमधली पोरं-पोरी

कर्वेनगर, हिंजवडी किंवा ऐरोलीत चार जण फ्लॅट घेऊन राहतात, तिथे नात्याचा दबाव नसतो. त्यामुळे नियम कोरडे आणि थोडे ठेवा. स्वतःचं ताट-कप लगेच. सामाईक भांडी ज्याने वापरली त्याने झोपायच्या आत. संडास-बाथरूम आठवड्याच्या पाळीने, दारामागे तारखा लावून. स्वयंपाकाच्या मावशी आणि किराणा यांचा खर्च समान. गावी गेलेल्याला किराणा माफ, मावशींचा पगार नाही. पाळी चुकवली तर दंड ठेवू नका. पैसे फेकून सुटका करून घेणारा एक तरी असतोच. चुकवणाऱ्याने पुढचे दोन आठवडे तेच काम करायचं. ज्याची मैत्रीण किंवा मित्र आठवड्यातून चार रात्री तिथे असतो, त्याने एका माणसाचं जादा काम धरायचं. हे राहायला येतानाच बोला, नंतर बोलणं फार अवघड जातं.

महिन्याने पुन्हा कागद

चार आठवड्यांनी वीस मिनिटं बसा आणि दोनच प्रश्न विचारा: तुझा सलग मोकळा वेळ वाढला का, आणि तुझ्या कामाची आठवण दुसऱ्या कुणाला करून द्यावी लागली का? दुसऱ्याचं उत्तर 'हो' आलं तर ते काम बदला किंवा ते किती वेळा व्हायला हवं ते कमी करा. रोज फरशी पुसलीच पाहिजे असं नाही. नोकरी बदलली, बाळ झालं, कुणाचं ऑपरेशन झालं की महिनाभर न थांबता लगेच नवं वाटप.

मध्येच कुणाचं काम राहिलं तर धावून करू नका. दळण राहिलं तर त्या दिवशी भात खा. कपडे वाळत घातले नाहीत तर कुबट वासाचे कपडे घालूनच ज्याचे त्याने बाहेर पडावं. रागाने भांडी आपटत ते काम उरकलं, तर पुढच्या वेळीही ते आपल्याकडेच येणार.

आणि सगळं करूनही एक माणूस सरळ नाहीच म्हणत असेल, तर त्याच्यापुरतं काम थांबवा, घराचं नको. त्याचे शर्ट इस्त्रीला जाणार नाहीत, त्याचा डबा भरला जाणार नाही, त्याच्या मित्रांसाठी चहा होणार नाही. त्याला पैशाने वाटा उचलायचा असेल तर तेही चालेल, पण मग मदतनीस शोधणं, ठरवणं आणि ती न आलेल्या दिवशी पर्याय बघणंही त्याच्याकडेच. फक्त हे करण्याआधी एकदा स्पष्ट सांगा की कोणत्या तारखेपासून कोणती कामं बंद होणार आहेत, आणि ते त्याच फ्रिजवरच्या कागदावर लिहा.